'एरागॉन' वाचलंय का कोणी? लेकाने दोनदा वाचलं, मी दीडशे पानांवर अडकलेय

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा लेक सातवीत आहे. पुस्तकं आणि तो म्हणजे छत्तीसचा आकडा, धड्याखालचे प्रश्नसुद्धा मी आवाज चढवल्याशिवाय वाचत नाही. तर याने मित्राकडून 'एरागॉन' नावाचं इंग्लिश पुस्तक आणलं, क्रिस्टोफर पाओलिनीचं, चांगलं पाचेकशे पानांचं, वर निळा ड्रॅगन. मला वाटलं दोन दिवस मिरवेल आणि टेबलावर पडून राहील, पण पठ्ठ्याने बारा दिवसांत संपवलं आणि आता परत पहिल्यापासून काढलंय. रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचताना दोनदा पकडला. ओरडावं की पेढे वाटावेत तेच कळेना.

आता शाळेत बुक रिव्ह्यू लिहायचाय. दोन रकाने आहेत, 'आवडलेलं' आणि 'खटकलेलं'. पहिल्यात याने लिहिलंय 'सगळंच भारी', दुसऱ्यात 'काही नाही'. बाई परत पाठवणार हे नक्की. माझा भाऊ म्हणतो अगं सगळी उसनवारी आहे त्यात, त्यापेक्षा दुसरं काहीतरी दे त्याला. मग म्हटलं आपणच वाचून बघू, तर मी दीडशे पानांवर रुतून बसलेय. तो मुलगा आणि तो म्हातारा दिवसभर प्रवास करतात, संध्याकाळी शेकोटी पेटवतात, काठ्यांनी तलवारबाजीची प्रॅक्टिस, मग जेवतात, झोपतात, सकाळी उठून परत चालायला लागतात. वारीतसुद्धा याच्यापेक्षा जास्त काही घडतं हो.

तर ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा ना, हे खरंच चांगलं आहे का? काय चांगलंय, काय कच्चं आहे? रिव्ह्यू तोच लिहिणार, मी लिहून देणार नाहीये, पण त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काहीतरी मुद्दे हवेत. स्पॉयलर चालतील, शेवट मला त्याने जेवताना हातवारे करून सांगितलाच आहे.


ड्रॅगनस्वार:

ताई, आधी पेढे वाटा. मी पण तेराव्या वर्षी हे पुस्तक टॉर्च लावूनच वाचलं, फक्त तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग होतं म्हणून, आई ओरडायची ती सेल संपले की.

माझ्या मते यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे सुरुवात ड्रॅगनची नाहीये, भुकेची आहे. म्हणजे पहिली दोन-चार पानं आहेत त्यात एल्फ (टोकदार कानांचे जादूवाले लोक) वगैरे, ती सोडा. खरी गोष्ट सुरू होते तेव्हा पंधरा वर्षांचा एरागॉन हरणामागे डोंगरात गेलाय कारण घरात हिवाळ्यासाठी मांस नाहीये, हरीण हातचं जातं आणि एक निळा चकचकीत दगड मिळतो. त्याला कुठे माहितीये ते अंडं आहे, तो बिचारा दगड घेऊन गावातल्या खाटकाकडे जातो, हे घे आणि मांस दे म्हणून. खाटीक म्हणतो त्या डोंगरातली वस्तू माझ्या दुकानात नको, चल निघ. शेवटी लोहार पैसे देतो आणि त्याला मांस मिळतं. हा प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि शेवटची लढाई अर्धी विसरलोय. ड्रॅगनच्या पुस्तकात हिरोला उधारीची लाज वाटते हे मी तोपर्यंत कुठे वाचलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे सफिरा, त्या अंड्यातून निघालेली ड्रॅगन. ती पाळीव प्राणी नाहीये. एरागॉन तिच्यासाठी एकेक नावं सुचवत बसतो, जुन्या मोठमोठ्या ड्रॅगनांची, आणि ती सगळी नाकारते, मग कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे ही 'तो' नाही, 'ती' आहे! आणि पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसून उडतो तेव्हा काय होतं? सिनेमात असतं तसं वारा, संगीत, हात पसरून आरोळी, असलं काही नाही. तिच्या खवल्यांनी त्याच्या मांड्यांची सालटी निघतात, रक्त येतं, उतरल्यावर धड उभं राहता येत नाही. ज्याने लहानपणी हाफ पँटवर उघड्या बैलाच्या पाठीवर बसायचा प्रयत्न केलाय त्याला हे लगेच पटेल (मी केलाय, मामाच्या गावाला, पुढचं विचारू नका).

आणि तिसरं, जे तुमच्या लेकाला नक्की आवडलं असणार, ते म्हणजे जादूचा हिशोब. या पुस्तकात जादू फुकट नाही. एखादं काम हाताने करायला जेवढी ताकद लागते तेवढीच जादूने करायला लागते आणि ती तुझ्याच अंगातून जाते. झेपेल त्याच्यापेक्षा जास्त करायला गेलास तर मेलास. पहिल्यांदा तो घाबरून जादूचा शब्द ओरडतो, बाण पेटतो, दोन राक्षस खलास, आणि हा स्वतः तिथेच कोसळायला येतो. मग ब्रॉम, म्हणजे तो म्हातारा, त्याला बसवून काय शिकवतो तर एक खडा उचलायला. खडा! दिवसचे दिवस. हे बारा वर्षांच्या पोराला शंभर टक्के कळतं, कारण त्याने मोबाइलची दोन टक्के उरलेली बॅटरी बघितलेली असते.

बाय द वे, लेखकाने हे लिहायला घेतलं तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा होता, शाळेत न जाता घरीच शिकलेला, अमेरिकेत मोंटाना राज्यात डोंगरांच्या मधे राहायचा. आईवडिलांनी २००२ मध्ये घरच्या घरीच छापलं, नकाशा त्याने काढला, पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ पण त्यानेच. मग तो जुन्या काळातला पोशाख घालून शाळा-लायब्ररीतून पुस्तकाबद्दल बोलत फिरायचा. कार्ल हायसेन नावाच्या लेखकाच्या सावत्र मुलाने ते पुस्तक घेतलं, त्याला आवडलं, हायसेनने आपल्या प्रकाशकाला सांगितलं, आणि २००३ ला क्नॉफने काढलं. हे लेकाला सांगून बघा, टॉर्चचे सेल तुम्हीच आणून द्याल.


तिरकस:

ड्रॅगनस्वार यांच्या भावना दुखावणार आहेत, आधीच माफी.

एक गोष्ट सांगतो, ओळखा. दुष्ट सम्राटाचं राज्य. एका कोपऱ्यातल्या खेड्यात शेतावर काकाकडे (इथे मामा, चला, फरक मान्य) वाढलेला पोरगा, आईबापाचा पत्ता नाही. त्याच्या हाती एक वस्तू लागते जी एका कैदेत पडलेल्या राजकन्येने पाठवलेली असते. सम्राटाची माणसं वस्तू शोधत येतात, घर जाळतात, पालक मरतो. गावातला एक म्हातारा, ज्याला सगळे जरा सर्किट समजतात, तो निघतो जुन्या संपलेल्या योद्ध्यांपैकी एक. तो पोराला तलवार देतो, विद्या शिकवतो आणि अर्ध्या वाटेवर मरतो. मग एक बेफिकीर जोडीदार भेटतो, दोघं मिळून राजकन्येला सोडवतात, लपलेल्या बंडखोरांच्या तळावर पोचतात आणि तिथे मोठी लढाई. ओळखलं? नाही, १९७७चा 'स्टार वॉर्स' नाही, 'एरागॉन' आहे. तलवारीला फक्त ट्यूबलाइट लावायची राहिली.

उरलेलं सामान 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या दुकानातून. एल्फ तिकडचे, डोंगराच्या पोटात राहणारे बुटके तिकडचे, आणि पाठलाग करणाऱ्या शिंगवाल्या राक्षसांना नाव दिलं अर्गल की झाले नवीन. हिरोचं नावसुद्धा काय, तर इंग्लिश ड्रॅगन शब्दातला 'डी' काढून पुढचं अक्षर 'ई' लावलं. हे लेखकाने स्वतःच कबूल केलंय, प्रामाणिक आहे बिचारा. बाकी नावांत जागोजागी वरचे स्वल्पविराम, उच्चार करताना उचकी लागल्यासारखं होतं.

पण उसनवारी सोडा, ती सगळेच करतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा मुलगा सगळं फार पटकन शिकतो. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नसतं, ही मला खूप आवडलेली गोष्ट होती. एका बंदराच्या गावी जहाजांच्या मालाच्या नोंदी तपासायच्या असतात तेव्हा ब्रॉमला कळतं की याला अक्षरओळखच नाही. वा! आता काहीतरी होणार, हा अडखळणार, चिडणार, लाजणार. काही नाही. थोड्या दिवसांत साहेब नोंदी वाचायला बसतात. तलवारीचं तेच. काही महिने शेकोटीपाशी काठ्या खेळून तो मर्टाघच्या, म्हणजे त्या बेफिकीर जोडीदाराच्या, तोडीस तोड होतो, आणि तो मर्टाघ लहानपणापासून राजवाड्यात उस्तादाकडे शिकलेला. आमचा पोरगा तीन वर्षं तबल्याला जातोय, अजून तीनतालात सम चुकते.

आणि आर्या, म्हणजे ती कैदेतली राजकन्या. एवढी पराक्रमी एल्फ, वर्षानुवर्षं ते अंडं जपून नेणारी, आणि पुस्तकात करते काय? आधी स्वप्नात दिसते, मग सुटका होते तीच बेशुद्ध अवस्थेत, मग विष चढलेलं असतं म्हणून ड्रॅगनच्या अंगावर बांधून वाळवंटातून तिला नेतात. मोरोपंतांची आर्या हिच्यापेक्षा जास्त वेळ जागी असते.

खलनायक गॅल्बटोरिक्स, म्हणजे तो दुष्ट सम्राट, तर पूर्ण पुस्तकात एकदाही समोर येत नाही. लोक नुसते त्याच्या नावाने घाबरतात. सासरेबुवा येणार येणार म्हणून आठवडाभर घर आवरायचं आणि ते यायचेच नाहीत, तसं.


जर्सीतला_बाबा:

तिरकस 😂 ट्यूबलाइट

आमच्याकडे मुलगी अकरा वर्षांची, आम्ही हे ऑडिओबुक म्हणून गाडीत ऐकलं, जेरार्ड डॉयलने वाचलंय. गोदाकाठताई, तुम्हाला जो भाग कंटाळवाणा वाटतोय ना, चालणं-शेकोटी-झोपणं, तो ऐकताना चक्क बरा वाटतो कारण आपण पण हायवेवर तेच करत असतो. सफिराला त्याने इतका जाड खरखरीत आवाज दिलाय की पहिल्यांदा मुलगी दचकलीच, तिच्या डोक्यात गोड आवाज होता.

एक विनंती, २००६चा सिनेमा दाखवू नका. निदान पुस्तक ताजं असताना तरी नको. पिल्लू आकाशात उडतं आणि एका झटक्यात मोठं होऊन खाली येतं. पुस्तकात तिला लपवून ठेवणं, तिचं हळूहळू वाढणं, खाणं, घरच्यांपासून चोरून भेटायला जाणं यातच सगळी मजा आहे, तीच काढून टाकली. माझी मुलगी तिथेच उठून गेली, म्हणाली आता काय राहिलं.


लायब्ररीवाली:

मी एका शाळेच्या लायब्ररीत आहे, बरीच वर्षं. त्यामुळे मला जरा लांबण लावायची परवानगी द्या.

तिरकसदादा, तुमची यादी बरोबर आहे, पण चांदोबा आठवा. गरीब घरचा पोरगा, जंगलातला म्हातारा, गेलेलं राज्य, मंतरलेली तलवार. दर अंकात हेच, फक्त राजांची नावं वेगळी. आपल्यापैकी कुणी तेव्हा म्हटलं का की हे मागच्याच महिन्यात झालंय? पुढच्या अंकाची वाट बघत बसायचो. सातवीतल्या मुलाने तो १९७७चा सिनेमा बघितलेलाच नसतो, त्याच्यासाठी ब्रॉम हा पहिलाच म्हातारा आहे. ब्रॉम मेला आणि सफिराने त्याची समाधी हिऱ्याची केली त्या पानावर आमच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलने रडका चेहरा काढलाय, मी तो खोडलेला नाही.

माझ्या दृष्टीने कच्चेपणा भाषेत आहे. लेखक लहान होता ते तिथे कळतं. वारा नुसता वाहत नाही, सूर्य नुसता मावळत नाही, प्रत्येकाला दोन-दोन विशेषणं. डोळे चमकतात, भुवया उंचावतात, आणि एखाद्याने रागाने दार आपटलं की लगेच पुढच्या वाक्यात तो रागावला होता असं परत सांगायचं. वाचकावर विश्वासच नाही. आणि दुसरं म्हणजे माहिती. या जगाचा इतिहास, ड्रॅगनस्वार कसे संपले, गॅल्बटोरिक्स कोण, हे ब्रॉम बसून सांगतो आणि एरागॉन प्रश्न विचारतो. तासाला सर बोलतायत आणि पहिल्या बाकावरचा मुलगा 'मग सर?' म्हणतोय असं वाटतं. काही ठिकाणी मात्र तो सांगायचं थांबतो आणि दाखवतो. तिथे पुस्तक उभं राहतं.

असा एक प्रसंग आहे टॉर्कनब्रँडचा, बघा तुमच्या लेकाला आठवतोय का. माणसं पकडून विकणारी टोळी यांना अडवते, मारामारी होते, त्यांचा म्होरक्या पडलेला असतो, हातात काही नाही, आणि मर्टाघ शांतपणे त्याचं मुंडकं उडवतो. एरागॉन खवळतो, निःशस्त्र माणसाला का मारलंस. मर्टाघ म्हणतो सोडला असता तर आपला माग सांगितला असता. दोघांत कडाक्याचं भांडण होतं, आणि लेखक कुणाच्याच बाजूने निकाल देत नाही, पुढे चालू लागतो. मी हा प्रसंग आठवीच्या मुलांसमोर वाचला होता, वर्ग सरळ दोन भागांत फुटला. घंटा झाली तरी भांडत होते. मर्टाघ हे या पुस्तकातलं सगळ्यात पक्कं रंगवलेलं पात्र आहे असं मला वाटतं, एरागॉनपेक्षाही. लेखकालाही तसं वाटलं असावं, कारण २०२३ मध्ये त्याने त्याच्या नावाचं वेगळं पुस्तक काढलं.

एक गोष्ट आई म्हणून तुम्हाला माहीत असावी. मारामारी बऱ्यापैकी आहे, आणि एका गावात प्रेतांचा ढीग लागलेला दाखवलाय, त्यात तान्हं बाळही आहे. तुमचा लेक ते वाचून गेलाच आहे म्हणा, पण एकदा सहज विषय काढा. आमच्याकडे एका मुलाने तेवढंच पान वाचून पुस्तक परत आणून दिलं होतं, कुणाला काही न बोलता.

आणि रकान्याचं म्हणाल तर मुलांना 'काय खटकलं' असं विचारू नका. आवडत्या पुस्तकाबद्दल वाईट बोलणं त्यांना चुगली केल्यासारखं वाटतं. त्याऐवजी विचारा, कुठली पानं उडवलीस? दुसऱ्यांदा वाचताना कुठे भराभर पुढे गेलास आणि कुठे थांबलास? ते मुलं अगदी खरं सांगतात.


पानगळ:

उशिरा येतेय. जादूच्या हिशोबाबद्दल लिहिलंय वर, पण भाषेबद्दल कुणीच बोललं नाही?

या जगात जादू करायची तर एका जुन्या भाषेतले शब्द लागतात. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव आहे, ते माहीत असेल तर त्या वस्तूवर तुमची सत्ता. त्या भाषेत खोटं बोलताच येत नाही. मग एल्फ काय करतात, तर खरं बोलूनच समोरच्याला चकवतात, म्हणजे आपल्या धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' त्यांनी राष्ट्रीय धोरण करून टाकलंय 😄 शब्दांचा मूळ साचा जुन्या नॉर्स भाषेचा आहे, म्हणजे नॉर्वे-आइसलँडकडची, आगीसाठी जो 'ब्रिसिंगर' शब्द आहे तो तिकडूनच आलेला. तिसऱ्या पुस्तकाचं नाव तेच आहे.

आता स्पॉयलर आहे, दुसऱ्या भागाचा, ज्यांना नको त्यांनी डोळे मिटा. पहिल्या पुस्तकात शेवटाकडे एक म्हातारी एक अनाथ तान्ही मुलगी घेऊन येते, एरागॉन तिला त्या भाषेत आशीर्वाद देतो. वाचताना वाटतं छान, गोड प्रसंग, पुढे चला. दुसऱ्या भागात कळतं की त्याने व्याकरणात चूक केली! त्याला म्हणायचं होतं तुझं संकटांपासून रक्षण होवो, आणि तो म्हणून बसला तू संकटांपासून रक्षण करणारी ढाल हो. झालं, त्या पोरीला आजूबाजूच्या प्रत्येकाचं दुःख स्वतःच्या अंगावर झेलावं लागतं. आशीर्वादाचा शाप झाला. मला लगेच कुंभकर्ण आठवला, मागायचं होतं इंद्रासन आणि तोंडातून आलं निद्रासन.

तिरकसजी म्हणतात सगळं पटकन शिकतो, पण ही एक गोष्ट तो अर्धवट शिकला आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. हे मला पूर्ण मालिकेतलं सगळ्यात मोठ्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.


घनपाठी:

पानगळताई, कुंभकर्णाच्या गोष्टीत जीभ सरस्वतीने वळवली होती, चूक त्याची नव्हती. तुमच्या उदाहरणाला जास्त जवळचा आहे तो 'इंद्रशत्रु'. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. यज्ञात म्हटलं 'इंद्रशत्रु वाढो', पण स्वर चुकीच्या जागी पडला. शेवटी जोर दिला असता तर अर्थ होतो इंद्राला मारणारा, पहिल्या पदावर दिला की अर्थ होतो ज्याला इंद्र मारेल तो. शब्द तोच, अक्षरं तीच. वृत्र जन्मला आणि इंद्राकडूनच मेला. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, हेच उदाहरण दिलंय चुकीच्या उच्चाराचं. आमचे गुरुजी हे सांगून छडी उगारायचे.

कादंबरी वाचलेली नाही. आता वाचेन म्हणतो.


पानगळ:

घनपाठी 🙏 हे मस्तच.


ड्रॅगनस्वार:

तिरकस, शेवटच्या लढाईबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं झालं, कारण तिथे तुमचा मुद्दा पडतो. एरागॉन ड्युर्झाला, म्हणजे सम्राटाच्या बाजूच्या त्या दुष्ट मांत्रिकाला, एकटा हरवूच शकत नाही. पाठीवर वार बसतो, संपल्यात जमा असतो. वरून आर्या आणि सफिरा बुटक्यांचा तो अवाढव्य नक्षीचा नीलमणी फोडून खाली येतात, ड्युर्झा क्षणभर वर बघतो आणि तेवढ्यात एरागॉन तलवार छातीत घालतो. म्हणजे हिरो जिंकतो तो दुसऱ्यांनी त्यांची सगळ्यात मौल्यवान वस्तू फोडली म्हणून. आणि तुमची झोपाळू आर्या तिथे जागी असते, नोंद घ्यावी.


तिरकस:

नोंद घेतली. तरी पण समोरच्याने वर बघितलं म्हणून जिंकणे याला आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये 'ट्रायल बॉल' म्हणायचे.

बुटक्यांना तो मणी फुटल्याचं किती वाईट वाटतं हे मात्र चांगलं लिहिलंय, हे मान्य. विजय झाला पण घरातला देव्हारा फुटला, असं. बरं, आणि ती आशीर्वादवाली चूक मला माहीत नव्हती, मी पहिल्या भागानंतर सोडून दिलं होतं. ती वाचायला दुसरा भाग घ्यावा लागणार असं दिसतंय. कोणीतरी मला थांबवा.


लायब्ररीवाली:

थांबवणार नाही. पण दुसरा भाग याहून जाड आहे हं, २००५चा. आणि आधी तीनच भाग होणार असं ठरलेलं, मग लेखकाला तिसऱ्यात मावेना म्हणून चार झाले, २००८ आणि २०११. मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली तरी शेवटच्या भागासाठी विचारायला यायची.


गोदाकाठ:

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी दोन दिवस सगळं वाचत होते. काल रात्री जेवण झाल्यावर लेकाला घेऊन बसले. आधी ड्रॅगनस्वारांचं वाचून दाखवलं, साहेब खूश. मग तिरकसजींचं वाचलं तर कान लाल, म्हणाला, 'त्यांना म्हणावं तुम्ही लिहून दाखवा पंधराव्या वर्षी.' मोरोपंतांची आर्या म्हणजे काय हे समजावून सांगण्यात माझी वीस मिनिटं गेली.

मग लायब्ररीवाली ताईंचा प्रश्न विचारला, कुठली पानं उडवलीस? आणि काय सांगू, जो मुलगा 'काही नाही' लिहून मोकळा झाला होता त्याने पुस्तक आणून भराभर दाखवायला सुरुवात केली. हे बुटक्यांच्या शहराचं वर्णन उडवलं, किती मैल उंच आणि किती मैल रुंद त्याच्यात मला काय करायचंय. हे जहाजांच्या नोंदींचं उडवलं. हा ब्रॉम इतिहास सांगतो तो पहिल्यांदा वाचला, दुसऱ्यांदा उडवला. वाळवंटातलं अर्धं उडवलं कारण 'आर्या उठतच नाही आई, मी तिच्या उठण्याची वाट बघत होतो.' (तिरकसजी, वाचताय ना?) आणि प्रेतांच्या ढिगाचं पान पण दाखवलं. ते उडवलं नाही म्हणाला, पण दुसऱ्यांदा तिथे आल्यावर पान हाताने झाकून पुढचं उलटलं. मी काही बोलले नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढे गेलो.

थांबलास कुठे विचारलं, तर खडा उचलायचा धडा चार वेळा वाचलाय! मला वाटलं होतं लढाया सांगेल. म्हणाला त्यात काहीच होत नाही तरी मजा येते. आणि तो वाचायला शिकतो त्या भागाबद्दल स्वतःहूनच म्हणाला की एवढ्या लवकर कसं काय येईल, मला देवनागरी जोडाक्षरं यायला पहिलीचं आख्खं वर्ष गेलं होतं. ते मी तसंच्या तसं दुसऱ्या रकान्यात लिही म्हटलं. तर म्हणतो जोडाक्षरांचं नको लिहायला, वर्गात हसतील. मग मांडवली झाली, 'माझ्या एका मित्राला' असं लिहिलंय.

रिव्ह्यू झाला, दोन्ही रकाने भरले, खटकलेलंच जास्त मोठं झालंय आणि तरी खाली स्टार पाचपैकी पाच दिलेत. मी म्हटलं अरे एवढ्या चुका काढल्यास, एखादा तरी कमी कर, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच ड्युर्झा.

मी स्वतः आता दोनशे दहाव्या पानावर आहे. ब्रॉम अजून जिवंत आहे, आणि आता तो मरणार हे माहीत असल्यामुळे ती शेकोटीची पानं मला उगाचच हळू वाचाविशी वाटायला लागलीयेत.

एक शेवटचा प्रश्न. मित्राकडून दुसरा भागही घरात आलाय आणि सोमवारपासून घटक चाचणी आहे. पोह्यांच्या डब्यात मावत नाही, कुठे लपवू?


जर्सीतला_बाबा:

ताई, अभ्यासाच्या पुस्तकांच्या मागे ठेवा. तिकडे चाचणीपर्यंत तरी तो फिरकणार नाही.